चादरीमागचा आवाज

लाकडी पेटी होती. आत मखमलीच्या खाचेत स्पीकरच्या वायरच्या दोन जोड्या वेटोळं करून बसवलेल्या. करंगळीएवढी जाड वायर, वरून काळ्या-जांभळ्या धाग्यांची विणलेली जाळी, टोकांना सोनेरी मुलाम्याच्या पिना. प्रत्येक पिनेजवळ एक बारीक बाण छापलेला, आवाजाने कुठून कुठे जायचं ते सांगणारा. हातात घेतल्यावर आधी जाणवलं ते तिचं वजन. जड वस्तू अस्सल असते, असं हाताला आपोआप वाटतं. या पेटीसाठी मी सात-आठ महिने पैसे बाजूला काढले होते.

त्या रात्री सगळी निजानीज झाल्यावर दिवा मंद केला, जुनी वायर काढून नवी जोडली आणि माझ्या अगदी ओळखीचं एक ध्वनिमुद्रण लावलं. त्यात पहिला अर्धा मिनिट नुसता तंबोरा आहे. खर्जाची तार छेडली गेली आणि मला वाटलं, आज ती उलगडली. तिच्या पोटातून आधी पंचम वर आला, मग तो स्वयंभू गंधार, जो कोणी छेडलेला नसतो पण असतो. इतका स्पष्ट तो मी पूर्वी ऐकलाच नव्हता. डोळे भरून आले. आज इतकं सगळं कळल्यावरही त्या रात्रीचं ते ऐकणं मी खोटं म्हणणार नाही.

पुढचे काही दिवस भेटेल त्याला मी हे सांगत होते. विकणाऱ्याने सांगितलं होतं की या वायरने आवाजावरचा पडदा दूर होतो. मी तेच शब्द जसेच्या तसे पुढे पोचवत होते.

वायर नेमकं काय करते, याची चौकशी मी नंतर केली. आधी करायला हवी होती. अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेला विजेचा प्रवाह स्पीकरपर्यंत नेणं, एवढंच तिचं काम. वाटेत ती थोडा अडथळा करते. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या तारेचा अडथळा मीटरला साधारण ०.००७ ओहम असतो. स्पीकर ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर तार लागते, म्हणजे सगळा मिळून ०.०४ ओहम. समोर स्पीकर असतो ८ ओहमचा. या हिशेबाने आवाजात होणारी घट डेसिबलच्या विसाव्या भागाइतकी निघते. एकाच आवाजाची पातळी अर्ध्या डेसिबलने बदलली आणि ती लक्षात आली, तर तो कान तयार म्हणायचा. वायरची जाडी मुळीच महत्त्वाची नाही, असं मात्र नव्हे. धाग्यासारखी बारीक तार घेऊन ती लांबलचक फिरवली आणि स्पीकरही कमी ओहमचा असला, तर फरक पडतो, मोजता येतो, ऐकूही येतो. त्यावरचा उपाय म्हणजे जरा जाड तांब्याची तार. ती घरातल्या विजेच्या सामानात मिळते. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी चांगली वाहक आहे, तेवढाच फरक तांब्याची तार किंचित जास्त जाड घेऊन भरून निघतो. सोनं तर तांब्यापेक्षा कमी वाहक. ते पिनांवर चढवतात कारण ते काळवंडत नाही, आणि दमट हवेत तो गुण खरोखर कामाचा आहे.

राहिला तो बाण. स्पीकरच्या वायरमधला प्रवाह एका दिशेने वाहतच नाही. २४० हर्ट्झचा षड्ज वाजत असेल तर तो सेकंदाला २४० वेळा पुढे जातो आणि तितक्याच वेळा मागे येतो. बाणाच्या दिशेने जितका, तितकाच बाणाच्या विरुद्ध.

डिजिटल वायरींबद्दल लांबण लावण्यासारखं काही नाही. तिथे आकडे जातात. आकडे नीट पोचले की काम झालं, आणि पोचले नाहीत तर आवाज तुटतो, टकटक होते, चित्रावर ठिपके उमटतात. महागड्या एचडीएमआय वायरने मंद्र सप्तक भरदार होत नाही.

पण हे सगळं कागदावरचं झालं. मी तर कानांनी ऐकलं होतं. कागद आणि कान यांत मी कानाच्या बाजूची आहे, कायमची. म्हणूनच लेकीने जे सुचवलं त्याला मी लगेच हो म्हटलं.

ती तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. म्हणाली, "आई, तुला फरक ऐकू येतो ना? मग न बघता सांग. वायर मी बदलते, तू फक्त ऐक."

रविवारची दुपार होती. अ‍ॅम्प्लिफायरसमोर दोरी बांधून तिने एक जुनी चादर टाकली. आवाजाच्या बटणावर कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे ते चुकूनही हलायला नको. मग नाणं. छापा आला तर नवी वायर, काटा आला तर जुनी. एक गोष्ट तिने फार विचारपूर्वक केली. आधीचीच वायर पुन्हा लावायची असली तरी पिना ती दर वेळी काढून परत खोचत होती, नाहीतर खटखट ऐकून मला कळलं असतं. मी पाठ करून बसले होते. तंबोऱ्याचा तोच अर्धा मिनिट, २० वेळा. दर वेळी मी "नवी" किंवा "जुनी" म्हणायचे आणि ती वहीत लिहायची. काही वेळा मला शंभर टक्के खात्री होती. सातव्या वेळी तर खर्ज असा काही उघडला की मी हात वर करून म्हटलं, "ही नवीच!"

सातव्या वेळी जुनी होती. २० पैकी माझी ११ उत्तरं बरोबर आली. काहीच न ऐकता नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी सरासरी १० आली असती. लेकीने मला समजावलं की १५ किंवा त्याहून जास्त आली असती तर म्हणता आलं असतं की काहीतरी ऐकू येतंय, कारण तितकी बरोबर उत्तरं निव्वळ नशिबाने यायचा योग शंभरात जेमतेम दोनदा.

अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर झालेल्या आहेत. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ साली एक प्रसिद्ध केली. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा थेट ऐकवायचं आणि एकदा सीडीच्या साध्या १६ बिटांच्या गाळणीतून काढून. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. आमच्या वहीतल्या दोन रकान्यांसारखंच ते चित्र होतं, फक्त पानं जास्त.

चाचणी संपल्यावर जे झालं त्याचा विचार मात्र मी अजून करते आहे. लेकीने चादर ओढून काढली. तेव्हा जांभळी वायर जोडलेली होती. तिच्या जाळीवर उन्हाची तिरीप पडली होती. मी उगाच पुन्हा एकदा तंबोरा लावला. आणि खर्ज उघडला. स्वयंभू गंधार वर आला, त्या पहिल्या रात्रीसारखाच. ११ चा आकडा समोर वहीत होता, तो मला मान्य होता, आणि तरी कान ते ऐकतच होता.

तेव्हा मला भीतीसारखं काहीतरी वाटलं. मी स्वतःला फसवते आहे, असं नव्हतं ते. ऐकणं म्हणजे कानात शिरलेल्या हवेच्या लाटा, एवढंच मी आयुष्यभर धरून चालले होते, आणि ते तसं नाही हे त्या क्षणी कळलं. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ साली दाखवलेला एक प्रयोग आहे. माणसाचे ओठ "गा" म्हणताना दाखवायचे आणि आवाज "बा" चा लावायचा. बहुतेकांना ऐकू येतो "डा", जो कोणी म्हटलेलाच नसतो. युक्ती आधी सांगितली तरी ऐकू "डा"च येतो. डोळे मिटले की "बा". मी तो स्वतः करून पाहिला आहे. डोळा कानाच्या कामात ढवळाढवळ करतो असं नाही म्हणता येत. तो त्या कामातला भागीदारच आहे.

स्पीकर बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हर्मन कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनाच तेच स्पीकर दोन तऱ्हेने ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना गुण चढले आणि लहान, स्वस्त संचाचे उतरले. पडद्याआड ही दरी बरीच मिटली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. पडद्याआड असताना स्पीकर खोलीत या जागेवरून त्या जागेवर हलवला की ऐकणाऱ्यांना फरक कळत होता. स्पीकर दिसायला लागला की तोच खरा फरक कळेनासा झाला. डोळ्याने नसलेलं ऐकू आणलं, आणि जे होतं ते झाकलंही.

याही आधी, १९१५ पासून पुढे काही वर्षं, एडिसनच्या कंपनीने नाट्यगृहांतून प्रयोग केले होते. रंगमंचावर गायिका आणि शेजारी तिचं गाणं वाजवणारं यंत्र. गाणं चालू असताना दिवे जायचे. परत यायचे तेव्हा गायिका गेलेली असायची आणि यंत्र गात असायचं, आणि ती नेमकी कधी गेली हे लोकांना सांगता येत नसे. तेव्हा मायक्रोफोनवर मुद्रण होत नसे. भोंग्यात गायचं आणि सुईने मेणावर चर कोरायचा. वरचे-खालचे कितीतरी स्वरांश त्यात उतरतच नसत. ॲना केस ही त्यातली एक गायिका. पुढे म्हातारपणी तिने सांगितलं की ती यंत्राच्या आवाजाला जुळेल इतकाच आवाज लावत असे. यंत्र माणसासारखं गात नव्हतं, माणूस यंत्रासारखं गात होता. आणि तरी त्या अंधारात बसलेल्यांना जे वाटलं त्याला मी खोटं कसं म्हणू? माझा खर्जही तसाच उघडला होता.

एका मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, तुला आनंद झाला ना? मग पैसे वसूल."

हे उत्तर सोयीचं आहे, आणि बरेच दिवस मी त्याच्या आडोशाला होते. ते टिकलं नाही, कारण त्या आनंदाचं पुढे काय झालं ते मी पाहिलं होतं. तीन आठवड्यांत तो उतरला. मग मला वाटायला लागलं की भिंतीतून अ‍ॅम्प्लिफायरला वीज देणारी वायर साधी आहे, तिथेच काहीतरी अडतंय. मग स्पीकरखाली ठेवायचे पितळी खिळे. मग वायर जमिनीला टेकू नये म्हणून चिनी मातीच्या टेकण्या. एकेकाळी सीडीच्या कडेला हिरव्या पेनाने रेघ ओढली की आवाज सुधारतो असं मानणारे लोक होते, आणि ते अडाणी नव्हते. मी ज्या वाटेवर उभी होते त्याच वाटेवर ते माझ्यापुढे चार पावलं होते, इतकंच. त्या महिन्याभरात मी तंबोऱ्याचा अर्धा मिनिट आणि आलापाची पहिली दोन मिनिटं शंभरदा ऐकली असतील. त्याच मैफलीतली द्रुत बंदिश, जिच्यासाठी मी ती मैफल जिवापाड जपली होती, एकदाही ऐकली नाही. तिथपर्यंत पोचायच्या आतच उठून काहीतरी हलवत होते.

याची किंमत मी पैशात नाही करू शकत. तो महिना गेला.

आणि एका वाक्याचा मला अजून राग आहे. "ज्याला फरक ऐकू येत नाही, त्याचे कान अजून तयार नाहीत." वायर देताना हे मला सांगितलं गेलं, आणि मी ते पुढे एका कोवळ्या मुलाला सांगितलं. तो हौसेने आला होता. त्याने खूप लक्ष देऊन ऐकलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "मला सारखंच वाटतंय." त्याचा उतरलेला चेहरा मला आठवतो. त्याचे कान बरोबर होते. पुढे मी त्याला भेटून हे सांगितलं, तेव्हा तो नुसता हसला. पण असं वाक्य एकदा कोणाच्या मनात गेलं की तो माणूस गाणं ऐकताना बिचकतो, आपल्याला कळत नाही असं धरून चालतो. ज्या धंद्याला गिऱ्हाइकाच्या कानातला विश्वास काढून घेऊन मग तोच परत विकावा लागतो, त्या धंद्याबद्दल मला आदर नाही.

मग देखणेपणावर पैसे घालूच नयेत का? इथे मी ठामपणे उलट्या बाजूला आहे.

आमच्याकडे बाबांचा रेडिओ होता. व्हॉल्व्हचा. लाकडी खोकं, गोलसर कोपरे, पुढे सोनेरी धाग्याचं विणलेलं कापड आणि मधोमध एक हिरवा डोळा. स्टेशन लावताना तो डोळा अर्धवट मिटायचा, बारीक व्हायचा, आणि स्टेशन बरोबर लागलं की त्याच्या दोन हिरव्या पाकळ्या एकमेकींना भिडायच्या. बाबा चष्मा कपाळावर सरकवून, मान वाकवून, दोन बोटांत बटण धरून त्या डोळ्याकडे बघत बसायचे. तो डोळा शोभेचा नव्हता. सिग्नल किती जोरकस आहे ते दाखवणारी ती एक छोटी नळी होती. पण ती शोभायची, आणि अंधाऱ्या खोलीत तिचा हिरवा उजेड बाबांच्या गालावर पडायचा. मीडियम वेव्हवर स्टेशनांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झ, त्यामुळे साडेचार हजार हर्ट्झच्या वरचा आवाज आमच्यापर्यंत जवळजवळ येतच नसे. आजच्या मोबाइलचा स्पीकरही त्याहून वरचं वाजवतो. तरी त्या रेडिओवर ऐकलेलं गाणं माझ्या अंगात मुरलेलं आहे, आणि त्यात त्या हिरव्या उजेडाचा वाटा आहे, हे मी आता मोकळेपणाने म्हणते.

सुंदर यंत्रासमोर माणूस बसतो. हे मला खरं वाटतं. दिवसातून दोन तास वाजणारी वस्तू उरलेले बावीस तास खोलीत नुसती दिसत असते. ती कुरूप असेल तर आपण तिच्यावर कापड टाकतो, पुढे तिच्यावर वर्तमानपत्रं साठतात आणि एक दिवस गाणं बंद होतं. ब्राउन कंपनीचा एसके ४ नावाचा रेडिओ-रेकॉर्डप्लेयर १९५६ सालचा, हान्स गुगेलोट आणि डिटर राम्स यांनी आखलेला. पांढरं पत्र्याचं अंग, दोन्ही बाजूंना लाकूड आणि वर पारदर्शक झाकण. तोवर अशी यंत्रं कपाटात दडवायची, कपाटासारखी दिसायची. यांनी यंत्र उघडं ठेवलं. पारदर्शक झाकण पुढे घरोघरच्या रेकॉर्डप्लेयरवर आलं. तबकडी फिरताना दिसणं हा ऐकण्याचाच भाग आहे, असं ते झाकण सांगत होतं.

माझ्या आत्ताच्या अ‍ॅम्प्लिफायरला ॲल्युमिनियमचं एक भरीव, जड बटण आहे. फिरवताना ते तुपात फिरल्यासारखं फिरतं. प्लास्टिकच्या पोकळ बटणाने आवाज तोच आला असता, कणभरही बदलला नसता. पण मी ते रोज हातात धरते, आणि त्याच्या थंड, मऊसूत स्पर्शाने माझं ऐकणं सुरू होतं. यासाठी मी जास्त पैसे दिले आणि पुन्हा देईन. मी बटण विकत घेतलं, बटण मिळालं. त्या वायरच्या वेळी मी तिच्या जाळीवर, रंगावर, वजनावर भाळले होते, पावतीवर मात्र स्पष्टता आणि खोली लिहिलेली होती. "ही देखणी वायर आहे, साध्या वायरइतकीच चांगली वाजते," असं कोणी म्हटलं असतं तर कदाचित मी ती घेतलीही असती. खूप कमी किमतीत, अर्थात.

कधी कधी रूप आणि आवाज खरोखर एकच असतात. ध्वनी-अभियंते हॅरी ऑल्सन यांनी एकच स्पीकर वेगवेगळ्या आकारांच्या खोक्यांत बसवून मोजमापं घेतली होती. चेंडूसारख्या गोल खोक्यात आवाज सर्वांत समतोल निघाला आणि चौकोनी ठोकळ्यात बराच खडबडीत, कारण धारदार कडांवर आवाजाच्या लाटा फुटतात. बाबांच्या रेडिओचे गोलसर कोपरे सुताराने कशासाठी केले होते कोण जाणे, पण हल्लीच्या चांगल्या स्पीकरांच्या कडा गोलवतात त्या निव्वळ डोळ्यांसाठी नाहीत.

मग पैसे घालायचे तरी कशावर, असं मला विचारतात तेव्हा मी गाद्यांची गोष्ट सांगते.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधून तयार झालं आणि त्यात कोणाचंच बोलणं कळेना. उच्चारलेला प्रत्येक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, पुढचे शब्द त्याच्यावर चढायचे. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर हे काम आलं. त्याच्याकडे साधनं होती ती ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं यंत्र आणि स्वतःचा कान. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या तो आणि त्याचे मदतनीस रात्री उचलून आणायचे, मांडायचे, नळी वाजवायचे, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचे. सगळ्या खुर्च्यांवर गाद्या आल्यावर घुमणं दोन सेकंदांच्या आसपास आलं. यातून निघालेलं सूत्र आजही सभागृह बांधताना वापरतात. बोस्टनचं सिंफनी हॉल १९०० साली उघडलं, ते त्याच्याच हिशेबाने बांधलेलं. यातला एक तपशील मला फार आवडतो. सॅबिनच्या लक्षात आलं की त्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात, आणि कोणत्या दिवशी काय घातलं होतं याची नोंद आपण ठेवलेली नाही. त्याने ३,००० हून जास्त नोंदी बाजूला टाकल्या आणि पुन्हा सुरुवात केली. ज्याचं कानावर खरं प्रेम असतं, तो कानाला इतकं तपासून घेतो.

आमची खोली चार मीटर लांब आहे. त्या लांबीत ४३ हर्ट्झची लाट अडकते आणि तिच्या दुप्पट, ८६ चीही, म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या आसपास. म्हणूनच आमच्याकडे डग्गा कायम पाण्यात बुडाल्यासारखा वाजायचा. मी त्याचा दोष वर्षानुवर्षं स्पीकरला देत होते. एका संध्याकाळी लेकीने आणि मी स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, माझी खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली आणि त्या भिंतीवर एक जाड गालिचा टांगला. टाळी वाजवली तर पूर्वी "टर्रर्र" असा कोरडा पडसाद यायचा, तो गेला. डग्ग्याची घिसकारी, ते मनगट दाबून स्वर चढवत नेणं, मला त्या स्पीकरांवर पहिल्यांदा ऐकू आलं. चादर टांगायची गरज पडली नाही. शेजारच्या खोलीत बसलेलं माणूसही विचारत आलं की काय बदललं.

सुई, कानाच्या गाद्या, फोम, या गोष्टी कुठल्याच पेटीत मखमलीवर ठेवून येत नाहीत. रेकॉर्डच्या सुईचा हिरा काही शे तास वाजला की झिजतो आणि मग तो रेकॉर्डच खरवडतो. हेडफोनच्या गाद्या चपट्या होऊन फट राहिली की खालचे स्वर त्या फटीतून निघून जातात. माझ्या स्पीकरांच्या कागदी कोनाभोवतीची फोमची कडा वीसेक वर्षांनी हवेतल्या ओलाव्याने सडली. बोट लावलं तर काळ्या चिकट भुग्यासारखी हाताला आली. वायरला जे दिलं त्याच्या अगदी किरकोळ अंशात नव्या कडा आल्या. जुना डिंक स्पिरिटने पुसत, नखाने खरवडत आमची एक अख्खी दुपार गेली. नवी कडा चिकटवताना कोन अगदी मध्यावर राहायला हवा, नाहीतर आतली गुंडाळी चुंबकाला घासते. लेक चारी बाजूंनी बोटांनी हलकेच दाबत कोन आत-बाहेर करत होती आणि मी कान जवळ नेऊन खरखर येते का ते ऐकत होते. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवताना असंच ऐकावं लागतं. दोऱ्याचा एक तुकडा, केसभर इकडे की तार मुकी, केसभर तिकडे की बोलती. आवाजाच्या जगात इतक्या कमी मोलाची आणि इतकी मोठी वस्तू दुसरी मला माहीत नाही.

परवा आणखी एक पेटी समोर आली. ४० हजार हर्ट्झपर्यंत वाजणारे छोटे स्पीकर, असलेल्या स्पीकरांच्या डोक्यावर ठेवायचे. फार सुंदर होते, थेंबाच्या आकाराचे, तांबूस झिलईचे. मी ते घरी आणले नाहीत. त्याऐवजी त्या रात्री लेकीला म्हटलं, आपण दोघींचे कान बघू या. तिने संगणकावर शुद्ध स्वर लावले, एकेक करत वर जाणारे. ऐकू येतंय तोवर बोट वर ठेवायचं, एवढाच नियम. मी डोळे मिटले.

आठ हजार. दहा. अकरा. बारा हजाराला तो स्वर सुईच्या टोकासारखा झाला, आणि मग खोली शांत झाली. मला वाटलं तिने बंद केलं. मी बोट खाली घेतलं आणि डोळे उघडले.

तिचं बोट वरच होतं. ती स्पीकरकडे बघत होती, मान किंचित तिरकी करून, बाबा हिरव्या डोळ्याकडे बघायचे तशी.

"अजून चालू आहे?" मी विचारलं.

"हो, आई. पंधरा हजार."

"कसा आहे?"

तिने थोडा विचार केला. "काचेवरून धागा ओढला तर जसा येईल ना, तसा," ती म्हणाली, आणि बोट तसंच वर धरून ऐकत राहिली.